पेशीला वर-खाली कळतं कसं?

मागच्या अंकात मी अभिस्तराबद्दल लिहिलं होतं, म्हणजे आतड्याच्या, किडनीच्या, कातडीच्या पृष्ठभागावर ज्या पेशी एकमेकींना खेटून उभ्या असतात त्यांच्याबद्दल. थोडक्यात मुद्दा असा होता की या पेशी शेजारणीला ई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीननं धरून ठेवतात आणि पायाखालच्या बेसमेंट मेम्ब्रेनला इंटेग्रिननं. त्यावर खूप पत्रं आली, मला इतकी अपेक्षा नव्हती. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण ज्या पत्रांमधे पुन्हा पुन्हा एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारली होती ती घेतेय.

ताई, मी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात एकच ओळ आहे की सेल ॲडहीजन मॉलिक्यूल पेशीची ध्रुवीयता "प्रस्थापित करतात". पण डिंक तो डिंक, तो पेशीला वर कुठे आणि खाली कुठे हे कसं सांगणार? सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेला येत नाही.

परीक्षेला येवो न येवो, प्रश्न अगदी नेमका आहे. आधी ध्रुवीयता, म्हणजे पेशीची वरची आणि खालची बाजू वेगवेगळी असणं, लागते कशाला ते बघ. आतड्यातली एक पेशी घे. तिच्या वरच्या तोंडाला, म्हणजे जिथून अन्न जातं त्या बाजूला, सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत ओढणारं एक प्रोटीन असतं, एसजीएलटी-1. खालच्या अंगाला, रक्ताकडे, सोडियम बाहेर उपसणारा पंप असतो आणि ग्लुकोजला बाहेर सोडणारं वेगळं दार असतं. पंप सारखा उपसतोय म्हणून पेशीत सोडियम कमी, कमी म्हणून वरून सोडियम आत घुसायला बघतं आणि येताना ग्लुकोजला सोबत घेऊन येतं. जुलाब झाले की ओआरएस पाजतात ते याच दाराच्या भरवशावर. आता समज पंप दोन्ही बाजूंना सारखाच बसला, तर खालून उपसलेलं रक्तात जाईल आणि वरून उपसलेलं परत आतड्यात, पेशी एनर्जी जाळत राहील आणि पलीकडे फारसं काही पोचणारच नाही. म्हणजे कुठलं प्रोटीन आहे याच्याइतकंच ते कुठल्या बाजूला आहे हेही महत्त्वाचं.

आता तुझा डिंक. ई-कॅडहेरिनचा पेशीबाहेर डोकावणारा भाग पाच मण्यांच्या माळेसारखा असतो आणि दोन मण्यांमधल्या प्रत्येक सांध्यात कॅल्शियम बसतं. कॅल्शियम असलं की माळ ताठ होते आणि समोरच्या पेशीवरच्या तशाच माळेचं टोक पकडते, कॅल्शियम काढलं की लुळी पडते. हे ज्यांना उमगलं ते जपानचे मासातोशी ताकेइची, आणि त्यांना ते उमगलं दोन लॅबमधल्या ट्रिप्सिनच्या, म्हणजे पेशी सुट्या करायला वापरतात त्या एन्झाइमच्या, फरकामुळे. क्योटोत ते पेशी सुट्या करायचे तेव्हा त्या परत एकमेकींना चिकटायच्या, अमेरिकेत गेले तर तिथल्या ट्रिप्सिननं सुट्या केलेल्या पेशी काही केल्या चिकटेनात. तिथल्या द्रावणात कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए होतं, आणि कॅल्शियम नसलं की ट्रिप्सिन त्या लुळ्या माळा सरळ कापून टाकतं. ते काम 1977 साली छापून आलं आणि कॅडहेरिन हे नाव 1984 ला पडलं. दुसऱ्या कुणी बॅच खराब आहे म्हणून बाटली फेकून दिली असती, त्यांनी त्याच फरकाचा पाठपुरावा केला, मला याचं फार कौतुक वाटतं.

चिकटण्यातून दिशा कशी निघते हे बघायला सगळ्यात सोपा प्रयोग म्हणजे कॅल्शियम काढून परत घालणं. 1958 साली एका कॉकर स्पॅनिएल कुत्र्याच्या किडनीतून घेतलेल्या एमडीसीके पेशी जगभरच्या लॅबमधे वाढवतात, मीही कित्येक वर्षं वाढवल्या. कॅल्शियम जवळजवळ नसलेल्या मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रावणात, त्या गोल गोल, सुट्या, कडा चमकणाऱ्या अशा दिसतात, शेजारी असून शेजारणीशी काही संबंध नसल्यासारख्या. मग नेहमीचं कॅल्शियम घालायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. थोड्या वेळानं कडांची चमक कमी होते, दोन पेशींमधली फट बुजते, मग काही तासांत सगळ्या मिळून एकसंध फरशी होते, आणि ती तशीच काही दिवस ठेवली की फरशीला जागोजागी फुगे येतात, कारण पेशी आता वरून पाणी घेऊन खाली ढकलतायत आणि खाली प्लास्टिक आहे, पाणी जाणार कुठे. तो पहिला फुगा बघितला तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या सगळ्यांना बोलवून दाखवला होता. त्या क्षणी पेशींना वर-खाली कळलेलं असतं.

ह्यात ई-कॅडहेरिनचं स्वतःचं काम किती, हे 1990 च्या एका प्रयोगानं दाखवलं. फायब्रोब्लास्ट, म्हणजे अभिस्तराबाहेरच्या जोडऊतीतल्या पेशी, घेतले, ज्यांच्यात ई-कॅडहेरिन नसतंच आणि सोडियम पंप सगळ्या अंगभर विखुरलेला असतो. त्यांच्यात फक्त ई-कॅडहेरिनचं जनुक घातलं, बाकी काही नाही. पेशी एकमेकींना धरायला लागल्या आणि पंप जिथे जिथे शेजारणीचा स्पर्श होता तिथे गोळा झाला! कारण कॅडहेरिनची शेपटी आत कॅटेनिनांना धरते, कॅटेनिन ॲक्टिनच्या दोऱ्यांना, त्या दोऱ्यांजवळ अँकिरिन आणि स्पेक्ट्रिनची जाळी तयार होते आणि पंप त्या जाळीत अडकून तिथेच राहतो. शिवाय पेशीच्या आतून प्रोटीन घेऊन निघालेल्या पिशव्यांना उतरायची जागासुद्धा या स्पर्शाच्या जागेवरून कळते. मग कॅडहेरिनच्या पट्ट्याच्या जरा वर टाइट जंक्शन बांधलं जातं, क्लॉडिन नावाच्या प्रोटीनांचं, आणि ते कुंपणासारखं वरचं वर आणि खालचं खाली ठेवायला मदत करतं. वरच्या भागात पार आणि क्रम्ब्ज नावाची प्रोटीन मंडळी बसतात, खालच्या भागात स्क्रिबल, आणि दोघं एकमेकांना आपल्या हद्दीतून हुसकावत राहतात, म्हणून हद्द रोज नव्यानं आखली जाते.

एक गोष्ट मात्र पुस्तकातल्या ओळीपेक्षा वेगळी सांगते. ध्रुवीयता बनवायची यंत्रणा पेशीत आधीपासून असते. पार प्रोटीनं सापडली तीच मुळी एका कृमीच्या नुकत्याच फळलेल्या अंड्याच्या अभ्यासातून, 1988 मधे, आणि त्या अंड्यात पुढची-मागची बाजू ठरते तेव्हा शेजारी पेशीच नसते. 2004 ला तर आतड्याच्या एकट्या पेशीत एलकेबी-1 हे एन्झाइम चालू केलं आणि तिनं कुणालाही न धरता एका टोकाला सूक्ष्मांकुरांची, म्हणजे वरच्या बाजूला असतात त्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांची, टोपी बनवली. तर चिकटणाऱ्या प्रोटीनांचं काम म्हणजे ती टोपी कुठल्या बाजूला घालायची हे सांगणं, आणि शेजारच्या हजारो पेशींनी ती एकाच बाजूला घातली पाहिजे हे बघणं. "प्रस्थापित करतात" च्या जागी पेनानं "दिशा देतात" असं लिहून ठेव.

आमची आयव्हीएफची ट्रीटमेंट चालू आहे. चौथ्या दिवशी एम्ब्रियॉलॉजिस्ट म्हणाल्या "कॉम्पॅक्शन छान झालंय". त्या घाईत होत्या, मी नुसती मान डोलावली. तुमच्या लेखात ई-कॅडहेरिनचं नाव वाचलं आणि वाटलं याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि फार जवळचा संबंध आहे. तोपर्यंत भ्रूणातल्या पेशी सुट्या मण्यांच्या पुंजक्यासारख्या असतात, प्रत्येकीची गोलाई वेगळी मोजता येते. माणसात साधारण चौथ्या दिवशी, आठ ते सोळा पेशींच्या सुमारास, त्या एकमेकींना घट्ट आवळतात, मधल्या रेषा दिसेनाशा होतात आणि सगळा पुंजका एका गुळगुळीत चेंडूसारखा दिसायला लागतो. हेच कॉम्पॅक्शन. ई-कॅडहेरिन पेशींना धरून ठेवतं आणि पेशींच्या पृष्ठभागाखालचं ॲक्टिन त्यांना आवळतं, दोन्ही लागतं.

यानंतर जे होतं ते मला सगळ्या जीवशास्त्रातलं सगळ्यात सुंदर वाटतं. आवळून घेतल्यावर काही पेशी बाहेर राहतात आणि काही आत जातात. बाहेरच्या पेशीला एक बाजू मोकळी असते, तिथे शेजारीण नाही. आतलीला सगळीकडून शेजारणी. फरक फक्त एवढाच, जनुकं दोघींची तीच. बाहेरच्या पेशीत पार-6 आणि त्याचे साथीदार त्या मोकळ्या बाजूला गोळा होतात, ई-कॅडहेरिन स्पर्शाच्या बाजूला राहतं, म्हणजे तिला वर-खाली मिळालं. आणि तिला वर-खाली आहे म्हणूनच तिच्यात याप नावाचं प्रोटीन केंद्रकात जाऊ शकतं आणि सीडीएक्स-2 सारखी जनुकं चालू करतं, ज्यातून पुढे वार तयार होते. आतल्या पेशीत हिप्पो नावाची सिग्नलची साखळी चालू राहते, ती यापला केंद्रकाबाहेर अडवून ठेवते, आणि त्या पेशींमधून पुढे बाळ घडतं. हे सगळं आधी उंदरात बारकाईनं उलगडलं, पण माणसाच्या भ्रूणातही बाहेरच्या पेशींना आधी ध्रुवीयता येते आणि मग त्या वारेच्या वाटेला लागतात हे 2020 मधे दाखवलं गेलंय. आपण कोण व्हायचं हे त्या पेशीला, आपण कुणाला कुठल्या बाजूनं धरलंय यावरून कळतं!

वरच्या उत्तरातला सोडियम पंप आठवतोय? बाहेरच्या पेशी आपापसातल्या फटी टाइट जंक्शननं बुजवतात, पंप आतल्या बाजूला बसवतात आणि आत सोडियम ढकलायला लागतात, मागोमाग पाणी येतं, चेंडूत पोकळी तयार होते. पाचव्या दिवशी तुम्हाला "ब्लास्टोसिस्ट झालाय" असं सांगतील तेव्हा ती पोकळी म्हणजे हे पाणी. ज्या उंदरांच्या भ्रूणात ई-कॅडहेरिनचं जनुकच काढून टाकलं होतं (हे 1994 चं काम) ते आईच्या अंड्यात शिल्लक राहिलेल्या प्रोटीनवर कॉम्पॅक्शनपर्यंत पोचले, पण तो साठा संपल्यावर बाहेरचा थर नीट बांधता आला नाही आणि ते रुजलेच नाहीत.

तुमच्या भ्रूणाचं पुढे काय होईल हे एका टप्प्यावरून कुणी ठामपणे सांगू शकत नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारत राहा आणि पुढच्या वेळी त्या घाईत असल्या तरी थांबवून विचारा, तुमचा तो हक्क आहे. मनापासून शुभेच्छा.

मॅडम, मी एका लॅबमधे नवीन आहे, एमडीसीके पेशींचे थ्रीडी गोळे बनवायला शिकतोय. कोलॅजेनच्या जेलमधे पोकळी छान येते. पण जेलशिवाय मीडियात तरंगत ठेवलेल्या गोळ्यांचं स्टेनिंग उलटं दिसतं, पोडोकॅलिक्सिन हे वरच्या बाजूची खूण असलेलं प्रोटीन पोकळीकडे दिसायला हवं ते बाहेरच्या अंगाला दिसतं. सीनियर म्हणतात अँटीबॉडीत गडबड आहे.

अँटीबॉडी बहुतेक ठीक आहे, पेशी तुला खरंच सांगतायत. तरंगत्या गोळ्यात वरची बाजू बाहेर असते हे 1990 पासून माहीत आहे, आणि तोच गोळा कोलॅजेनमधे घातला की तो आतून-बाहेरून उलटा होतो. कारण शेजारणीला धरल्यावर पेशीला एवढंच कळतं की बाजूला कोण आहे, खाली काय आहे हे सांगणारं वेगळं लागतं आणि ते काम इंटेग्रिनचं. बीटा-1 इंटेग्रिन कोलॅजेनला धरतं, त्यातून रॅक-1 हे प्रोटीन चालू होतं, पेशी बाहेरच्या अंगाला लॅमिनिन या प्रोटीनची चटई, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, नीट अंथरतात आणि मग चटई आहे ती खालची बाजू, तिच्या विरुद्ध ती वरची. तरंगताना चटईच नाही, मग जिथे शेजारीण नाही ती बाजू, म्हणजे मीडियाकडची, वर ठरते. कोलॅजेनमधे ठेवूनही बीटा-1 ला रोखणारी अँटीबॉडी घातली तर गोळे परत उलटे होतात, हे तुला लॅबमधे करून बघता येईल. सीनियरना दाखवायला त्याहून सोपं म्हणजे तरंगते गोळे घे, कोलॅजेनमधे बसव आणि दर काही तासांनी एक एक वेल फिक्स कर, सोबत बीटा-कॅटेनिन पण स्टेन कर म्हणजे पेशींमधल्या भिंती जागेवर आहेत हे कळेल. मधल्या वेळेच्या वेलमधे तुला पोडोकॅलिक्सिन बाहेरच्या पृष्ठभागावरून पेशीच्या आत ओढलं गेलेलं, ठिपक्या-ठिपक्यांत दिसायला हवं, ते पलीकडच्या बाजूला निघालेलं असतं.

आणि उलटं म्हणजे बिघडलेलंच असंही नाही हो. डोळ्याच्या पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरात सोडियम पंप वरच्याच बाजूला असतो आणि तिथे तेच बरोबर आहे.

चटईचा परिणाम नुसत्या दिशेवर थांबत नाही हेही लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल. उंदराच्या स्तनातल्या पेशी प्लास्टिकवर चपट्या पसरवून वाढवल्या की दुधातलं केसिन बनवायचं सोडून देतात, प्रोलॅक्टिन हार्मोन दिलं तरी. त्याच पेशींना लॅमिनिन असलेल्या मऊ जेलमधे ठेवलं की त्या गोल होतात आणि केसिन बनवायला लागतात. मिना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे इतक्या चिकाटीनं दाखवलं की आता थ्रीडी कल्चर सगळे गृहीत धरतात, तेव्हा धरत नव्हते.

पेशी चटईवरून सुटली तर काय होतं?

निरोगी अभिस्तराची पेशी असेल तर बहुतेक वेळा मरते, स्वतःहून, ठरलेल्या पद्धतीनं. याला अनॉइकिस म्हणतात, 1994 साली दिलेलं नाव, ग्रीक शब्दावरून, अर्थ बेघर होणं. चुकीच्या जागी जाऊन रुजू नये यासाठीचा हा बंदोबस्त आहे. कॅन्सरच्या पेशी तो मोडतात.

माझ्या आईला पेम्फिगस व्हल्गारिस निघालाय. आधी तोंडात फोड आले, मग अंगावर. डॉक्टर म्हणाले शरीरच स्वतःच्या पेशींचा डिंक तोडतंय. घरातले काही जण तिचं ताट-वाटी वेगळं ठेवायला लागलेत. हे संसर्गजन्य आहे का, आणि तोंडातच आधी का?

संसर्गजन्य अजिबात नाही. ताट-वाटी आजच एकत्र करा, हे पत्र घरात वाचून दाखवा हवं तर. फोडांच्या वेदनेत घरच्यांनी लांब बसणं हे आईला फोडांपेक्षा जास्त लागेल.

डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. कातडीच्या पेशी एकमेकींना डेस्मोसोम नावाच्या बटणांनी जोडलेल्या असतात आणि त्या बटणांमधली पकड डेस्मोग्लेइनची, ते कॅडहेरिनच्याच घराण्यातलं. पेम्फिगसमधे शरीराची प्रतिपिंडं डेस्मोग्लेइन-3 ला जाऊन धरतात, कधी कधी सोबत डेस्मोग्लेइन-1 लाही. आता अंगावरच्या कातडीत 3 मुख्यतः खालच्या थरांत असतं आणि 1 वर जाताना वाढत जातं, म्हणजे एक गेलं तर दुसरं थोडंफार सांभाळून घेतं. तोंडाच्या आतल्या अस्तरात मात्र सगळी भिस्त 3 वर, 1 अगदी थोडं. म्हणून प्रतिपिंडं फक्त 3 विरुद्ध असतात तेव्हा तोंड सोलवटतं आणि अंग बऱ्यापैकी वाचतं, आणि पुढे 1 विरुद्धही तयार झाली की अंगावर फोड यायला लागतात. बायोप्सीच्या काचेवर हे बघितलं तर विसरता येत नाही: वरचा सगळा थर सुटून गेलेला आणि सगळ्यात खालच्या पेशींची एक रांग मात्र आपापल्या जागी ताठ उभी, शेजारणीपासून सुटलेली तरी चटईला घट्ट धरून. कारण चटईची पकड इंटेग्रिनची आहे आणि ती शाबूत आहे. पॅथॉलॉजिस्ट तिला थडग्यांची रांग म्हणतात. बुलस पेम्फिगॉइड नावाचा नावानं सारखा वाटणारा आजार असतो त्यात उलट, चटईचीच पकड सुटते, तिथे अख्खा थर उचलला जातो आणि फोड ताणलेले, टणक असतात. तुमच्या आईचे फोड ढिले, लगेच फुटणारे असतील ते यामुळेच.

आणि डेस्मोग्लेइन नुसतं बटण नाहीये हे 2009 मधल्या एका कामानं दाखवलं. पेशी खालच्या रांगेतून वर सरकते तेव्हा ती वाढ थांबवून कातडीचा पक्का थर व्हायला लागते, आणि डेस्मोग्लेइन-1 त्या बदलाला मदत करतं, वाढीचा सिग्नल दाबून. त्याचा चिकटणारा भाग काढून टाकला तरी हे काम ते करू शकलं! म्हणजे पकडणं हे एक काम आणि "आता मोठी हो" असं आतमधे सांगणं हे दुसरं, दोन्ही एकाच प्रोटीनची.

औषधांचं म्हणाल तर स्टेरॉइड येण्याआधी हा आजार बहुतेक वेळा जीव घ्यायचा, आता तशी परिस्थिती राहिलेली नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या घराण्यावरच घाव घालणारं रिटुक्सिमॅब 2018 पासून अमेरिकेत यासाठी मंजूर आहे. आईला काय योग्य ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील, फक्त बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड परस्पर बंद करू नका, ते धोक्याचं असतं.

बायकोच्या ब्रेस्ट बायोप्सीच्या रिपोर्टमधे "लोब्युलर कार्सिनोमा, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह" असं आहे. नेटवर वाचलं की ई-कॅडहेरिन गेलं की कॅन्सर पसरतो. दोन रात्री झोप नाही.

झोप लागणार नाही हे समजू शकते, पण ही ओळ तुम्ही वाचताय तशी नाहीये. तो निगेटिव्ह मुख्यतः प्रकार ओळखण्यासाठी असतो. लोब्युलर प्रकारात ई-कॅडहेरिन बहुतेक वेळा गेलेलं असतं, डक्टल या जास्त आढळणाऱ्या प्रकारात बहुतेक वेळा असतं, म्हणून पॅथॉलॉजिस्ट ते स्टेन करून दोघांत फरक करतात. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण 10 ते 15 टक्के लोब्युलर असतात. आजार कुठल्या स्टेजला आहे, काखेतल्या लसिकागाठींमधे गेलाय का, हार्मोन रिसेप्टर आहेत का, यावर पुढचं ठरतं, या एका शब्दावर नाही, आणि लोब्युलरमधे हार्मोन रिसेप्टर बहुतेक वेळा पॉझिटिव्ह असतात, म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होतो.

नेटवरचं पूर्ण खोटं नाही, अर्धं आहे. पेशी शेजारणीचा हात सोडून, वर-खाली विसरून भटकायला लागते हे घडतं, स्नेलसारखी प्रोटीनं ई-कॅडहेरिनचं जनुक बंद करतात तेव्हा. पण डक्टल कॅन्सर ई-कॅडहेरिन ठेवूनही पसरतो, आणि 2019 मधे उंदरांवरच्या कामात असं दिसलं की तिथे ते काढून टाकलं तर पेशी सुटतात खऱ्या पण जास्त मरतात आणि दूर जाऊन रुजायला कमी पडतात. म्हणजे हिशोब इतका सरळ नाही.

लोब्युलरमधे पकड नसल्यानं पेशी गोळा होऊन गाठ करण्याऐवजी मुंग्यांसारख्या एकामागे एक ओळीनं जातात, आणि म्हणूनच तो मॅमोग्राफीत कधी कधी नीट दिसत नाही. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला असेल तर कारण हे असू शकतं. आणि एक विचारून घ्या: बायकोच्या रक्ताच्या नात्यात (तुमच्या नाही) कुणाला जठराचा पसरट प्रकारचा कॅन्सर किंवा कमी वयात लोब्युलर झालेला आहे का. ई-कॅडहेरिनचं जनुक, सीडीएच-1, जन्मतः बिघडलेलं असलं तर दोन्हींचा धोका वाढतो; जठराच्या कॅन्सरचं हे नातं 1998 मधे न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आलं, आणि त्या कुटुंबांनी स्वतःहून पुढाकार घेतला म्हणून आज जगभरच्या लोकांना वेळेत तपासणी करता येते. तसं काही असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना जरूर सांगा. नसेल तर ही काळजी बाजूला ठेवा.

मी पशुवैद्यक आहे. लिस्टेरिया माणसात आतड्यातून शिरतो, पण उंदरांना तोंडावाटे दिला तर फारसा शिरत नाही हे शिकलो होतो. याचं कारण ई-कॅडहेरिन आहे असं ऐकलं. पण तुम्ही म्हणता ते टाइट जंक्शनच्या खाली लपलेलं असतं, मग जंतूला सापडतं कसं?

बरोबर ऐकलंय. लिस्टेरियाच्या अंगावर इंटर्नॅलिन नावाचं प्रोटीन असतं, ते ई-कॅडहेरिनला पकडतं आणि पेशी त्या जंतूला शेजारीण समजून आत ओढून घेते. एरवी आतड्याच्या आतून आलेल्या जंतूला ई-कॅडहेरिन दिसायलाच नको, ध्रुवीयतेनं ते खाली ठेवलंय. पण आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं, जुन्या पेशी रसांकुराच्या टोकावरून गळून पडतात, आणि एक पेशी गळत असताना तिच्या शेजारणींची एरवी झाकलेली बाजू थोडा वेळ उघडी पडते. जंतू नेमका तिथे शिरतो. श्लेष्मा सोडणाऱ्या गॉब्लेट पेशींच्या आजूबाजूलाही त्याला अशी जागा मिळते.

आणि उंदराचं कारण एका अमिनो आम्लाचं आहे. माणसाच्या ई-कॅडहेरिनमधे 16 व्या जागी प्रोलीन असतं, उंदराच्यात ग्लुटामिक आम्ल, आणि तेवढ्यानं इंटर्नॅलिनची पकड बसत नाही. गिनीपिगमधे माणसासारखंच प्रोलीन आहे. ज्या उंदरांच्या आतड्यात माणसाचं ई-कॅडहेरिन घातलं होतं, त्यांच्यात 2001 मधे लिस्टेरिया तोंडावाटे दिल्यावर सरळ आत गेला.